आडवी बाटली

महाराष्ट्रात एखाद्या गावातलं दारूचं दुकान बंद करायचं असेल तर बायका एकत्र येतात, सह्या गोळा करतात आणि मग मतदान होतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. उभी म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. वाइनच्या धंद्यात मात्र बाटली आडवी करतात ती जपण्यासाठी. आडवी ठेवली की बूच आतून ओलं राहतं, सुकून आकसत नाही, हवा आत शिरत नाही आणि वाइन वर्षानुवर्षं टिकते.

म्हणजे आडवी बाटली एकीकडे निषेध, दुसरीकडे संगोपन. मराठीत वाइनबद्दल जे काही लिहिलं-बोललं जातं ते या दोन टोकांवरच असतं. एक भाषा जाहिरातीची: द्राक्षबागेतला सूर्यास्त, चीजचा तुकडा, ‘सॉफ्ट टॅनिन्स’. दुसरी भाषा निषेधाची: दारू ती दारू, विषय संपला. बाटलीत नेमकं काय आहे, ते तसं का झालं, आणि लेबल खरं बोलतंय का, हे विचारणारी तिसरी भाषा, म्हणजे समीक्षेची, मला तरी क्वचितच वाचायला मिळाली. हा लेख त्या तिसऱ्या भाषेची मागणी करण्यासाठी आहे.

आधी मी कुठून बोलतोय ते सांगतो. मी वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीचा. नोकरी पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत, पण वर्षातले काही महिने काम घरून. सेवाग्राम आणि पवनारचा हा जिल्हा १९७५ पासून दारूबंदीचा. विदर्भातलाच गडचिरोली १९९३ पासून. चंद्रपुरात २०१५ साली बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. त्यामुळे खाली ज्या वाइन्सबद्दल लिहितोय त्या सगळ्या पुण्यात आणि नाशिकला चाखलेल्या आहेत. आर्वीत माझ्याजवळ आहेत ती फोनमधली टिपणं. बाटली समोर नसताना तिच्याबद्दल लिहिण्याचा एक फायदा असतो, लेबलचा रंग आणि ग्लासची चमक विसरली जाते आणि चवीचं जे आठवतं तेच उरतं.

शब्दामागे महिने

तुलनेसाठी स्पेनच्या उत्तरेतला एब्रो नदीच्या काठचा प्रदेश घेऊ. Rioja नव्हे, आपल्या लिपीत ‘रिओहा’. एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेरा नावाच्या किडीने फ्रान्समधल्या द्राक्षबागा उद्ध्वस्त केल्या, तेव्हा फ्रेंच व्यापारी वाइनच्या शोधात इथे आले. आरो नावाच्या गावात रेल्वे स्टेशनच्या आजूबाजूला वाइनऱ्या उभ्या राहिल्या, कारण माल तिथूनच गाडीत चढायचा. त्यातली लोपेझ दे एरेदिया ही वाइनरी १८७७ ची. ती आजही आपली ओकची पिंपं स्वतःच्या कारखान्यात बनवते.

रिओहाच्या लाल वाइनच्या बाटलीवर तीन शब्द दिसतात: क्रियांझा, रिझर्वा, ग्रान रिझर्वा. क्रियांझा म्हणजे शब्दशः संगोपन, लहान मुलाला वाढवतात तसं. हे शब्द विशेषणं नाहीत, नियम आहेत. क्रियांझा म्हणायचं तर वाइन किमान दोन वर्षं मुरलेली हवी आणि त्यातलं किमान एक वर्ष ओकच्या पिंपात. रिझर्वाला किमान तीन वर्षं, त्यातलं एक पिंपात. ग्रान रिझर्वाला पाच वर्षं, त्यातली दोन पिंपात. प्रदेशाचं नियामक मंडळ प्रत्येक बाटलीच्या मागे क्रमांक असलेली पट्टी लावायला देतं आणि पट्टीचा रंगही ठरलेला असतो: क्रियांझाला लाल, रिझर्वाला गडद मरून, ग्रान रिझर्वाला निळा.

माझ्या धंद्यातल्या माणसाला हे लगेच आवडतं. शब्द आहे, त्याची व्याख्या आहे, आणि व्याख्या तपासता येते. लोपेझ दे एरेदिया आपली ‘तोंदोनिया’ रिझर्वा नियमातल्या एका वर्षाऐवजी सहा वर्षं पिंपात ठेवते. नियम म्हणजे खालची पायरी, वर चढायला कुणाची मनाई नाही.

पुण्यात एका मित्राकडे उघडलेल्या क्रियांझाबद्दल फोनमध्ये एवढंच लिहिलंय: ‘रंग फिका, आमसुलाच्या सारासारखा. वासात व्हॅनिला आणि सुक्या खोबऱ्याची कड. जिभेच्या दोन्ही बाजूंना आंबटपणा, तो जातच नाही. शेवटी सुपारीसारखा तुरटपणा.’ व्हॅनिला आणि खोबरं द्राक्षातून आलेलं नसतं. ते अमेरिकन ओकचं देणं आहे, आणि रिओहात तो ओक फार जुन्या काळापासून वापरात आहे. आंबटपणा मात्र द्राक्षाचा. या प्रदेशाचं मुख्य द्राक्ष टेंप्रानिलो. ‘तेंप्रानो’ म्हणजे लवकर. इतर जातींच्या आधी पिकतं म्हणून हे नाव.

पण नियम म्हणजे चव नव्हे, हेही रिओहानेच दाखवून दिलं. पिंपातले महिने मोजणारी ही व्यवस्था द्राक्ष कुठल्या शेतातलं आहे हे विचारतच नव्हती. उत्तम उतारावरच्या जुन्या वेली आणि सपाटीवरचं भरघोस पीक, दोघांनाही एकच पट्टी. आर्ताडी या नावाजलेल्या वाइनरीने २०१५ च्या शेवटी ही व्यवस्थाच सोडली. पुढे २०१७ मध्ये मंडळाने एकाच शेतातल्या द्राक्षांच्या वाइनसाठी वेगळा दर्जा आणला. वेळ मोजणं सोपं होतं म्हणून आधी वेळ मोजली. जागा मोजणं अवघड होतं, पण टीका झाली म्हणून तीही मोजायला घेतली. समीक्षेचा उपयोग असा होतो.

कात्रीने आणलेला हिवाळा

आता आपल्याकडे. महाराष्ट्रातल्या आधुनिक वाइनची सुरुवात १९८० च्या दशकात नारायणगावला इंडेजपासून धरतात. त्यांची ‘ओमर खय्याम’ ही फेसाळती वाइन परदेशातही गेली. मग राजीव सामंत. स्टॅनफर्डमध्ये इंजिनियरिंग, ओरॅकलमध्ये नोकरी आणि तिथून नाशिकला परत. सुलाच्या पहिल्या वेली १९९७ च्या, पहिल्या वाइन्स बाजारात आल्या २००० साली. २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, करात सवलती दिल्या, विंचूर आणि पलूस इथे वाइन पार्क काढले. सोलापूर जिल्ह्यात अकलूजजवळ फ्राटेली आली आणि तिने इटलीचं सांजोवेझे द्राक्ष लावलं. दिंडोरी तालुक्यात चारोसाने रिओहाचंच टेंप्रानिलो लावलं. ती वाइनरी २०१८ मध्ये ग्रोव्हर झाम्पाकडे गेली.

तेच द्राक्ष दिंडोरीत वेगळं का लागतं, याचं उत्तर ग्लासमध्ये सापडत नाही. त्यासाठी बागेत जावं लागतं.

स्पेनमध्ये वेल हिवाळ्यात झोपते. पानं गळतात, थंडी सरते, वसंतात डोळे फुटतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तोडणी होते. नाशिकला वेलीला झोपवेल एवढी थंडी नसते. म्हणून हिवाळ्याचं काम कात्री करते, तेही वर्षातून दोनदा. एप्रिलमध्ये खरड छाटणी, जिच्यातून नवीन काड्या येतात आणि काडीतल्या डोळ्यात पुढचा घड तयार होतो. मग सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी, जिच्यातून तो घड बाहेर पडतो. तोडणी साधारण जानेवारी ते मार्च. मध्ये भुरी, केवडा, अवकाळी पाऊस, कधी गारा.

आता दोन्हीकडचं शेवटचं वळण बघा. रिओहात द्राक्ष पिकत येतं तसतशी हवा गार होत जाते. नाशिकला द्राक्ष पिकत येतं तसतशी हवा तापत जाते. गारव्यात पिकलेल्या मण्यात आम्ल टिकून राहतं. तापत्या हवेत साखर झपाट्याने चढते आणि आम्ल तितक्याच वेगाने उतरतं. साखर जास्त म्हणजे पुढे अल्कोहोल जास्त. आम्ल कमी म्हणजे चव पसरट. गरम प्रदेशांतले वाइनमेकर बाहेरून टार्टारिक आम्ल घालून तोल सांभाळतात. ती काही लबाडी नाही, सर्रास चालणारी पद्धत आहे.

यावरून माझा निकाल असा. नाशिकची खरी ताकद पांढऱ्या आणि फेसाळत्या वाइन्समध्ये आहे, कारण त्यांची द्राक्षं लवकर, म्हणजे थंडी असतानाच उतरवतात. सुलाची सोव्हिन्यों ब्लाँ प्या: कच्चा पेरू, नुकत्याच कापलेल्या ढोबळी मिरचीचा वास आणि जीभ जागी करणारा आंबटपणा. शेनिन ब्लाँमध्ये तोच आंबटपणा थोड्या गोडीसोबत येतो, आणि आपल्या तिखट जेवणाला एवढी सोयीची दुसरी वाइन मला माहीत नाही. सावजी रश्श्यासोबत ओकमध्ये मुरलेली लाल वाइन घेतली तर तिखट आणि तुरट दोन्ही भडकतात. गार शेनिन ते निभावून नेते. मोएत-हेनेसीच्या शांदोंने फेसाळत्या वाइनसाठी दिंडोरी निवडली, त्यामागचं गणित मला हेच वाटतं.

लाल वाइन्सचं प्रकरण मिश्र आहे. चारोसाची टेंप्रानिलो मी दोनदा चाखली. रिओहाच्या मानाने रंग गडद, अंग भरलेलं, पिकून फुटायला आलेल्या जांभळाची चव. रिओहातला तो आंबट धागा मात्र बारीक. ही वाईट वाइन नव्हे, ही दुसऱ्या गावची वाइन आहे. फ्राटेलीच्या सांजोवेझेत करवंदाचा आंबट-तुरटपणा येतो आणि तो मला अकलूजच्या उन्हातही टिकलेला वाटला. गोची होते ती लाल वाइन आपलं गाव लपवायला लागली की. कुठल्या बाटलीबद्दल ते नाव घेऊन सांगत नाही, पण फोनमधलं एक टिपण नुसतं एवढंच आहे: ‘लाकूड, लाकूड, लाकूड, आणि मागे कुठेतरी द्राक्ष.’

लेबल काय सांगत नाही

‘रिझर्व्ह’ हा शब्द आपल्या बाटल्यांवरही असतो. पण रिओहाच्या रिझर्वामागे ठरलेले महिने आहेत, आणि जगात बहुतेक ठिकाणी इंग्रजी ‘रिझर्व्ह’मागे तसं काही नसतं. कुणी तो सर्वांत चांगल्या पिंपांसाठी वापरतं, कुणी नुसतं महागाईसाठी. ग्राहकाला यातला फरक कळायची सोय नाही. ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकन आहे, पण मानांकन असणं वेगळं आणि दुकानात उभ्या असलेल्या पंचविशीतल्या पोराला त्यातून काही कळणं वेगळं.

मागच्या लेबलवरचे चवीचे शब्द तर बहुतेक उसने. ब्लॅकबेरी, ब्लॅककरंट, गूजबेरी. आर्वीत वाढलेल्या माणसाने यातलं काहीही झाडावर पाहिलेलं नसतं. मग भाषांतर करणारे गूजबेरीचा आवळा करून मोकळे होतात. सोव्हिन्यों ब्लाँबद्दल बोलताना जी गूजबेरी अभिप्रेत असते ते युरोपातलं वेगळंच फळ आहे, आवळ्याचा त्याच्याशी संबंध फक्त इंग्रजी नावापुरता. म्हणजे लेबलचं मराठीकरण करून भागत नाही. पुन्हा प्यायला हवं आणि पुन्हा नाव द्यायला हवं.

आणि नावं आपल्याकडे आहेत. इंग्रजीत आंबट आणि तुरट यांत लोकांचा गोंधळ होतो. आपल्याकडे लहान मूलही तो करत नाही, कारण त्याने चिंच, कवठ, बोर, आवळा आणि जांभूळ खाल्लेलं असतं. दात आंबतात ते वेगळं, जीभ ओढल्यासारखी होते ते वेगळं आणि घशाला लागतं ते वेगळं, हे सांगायला मराठीला कुणाकडून शब्द आणावे लागत नाहीत. बागायतदाराची भाषा तर याहून नेमकी आहे. ओलांडा, काडी, डोळा, घड, मणी, खरड, गोडी. वाइन ज्या शब्दांत वाढते त्यातला एकही शब्द तिच्या बाटलीवर पोहोचत नाही. मध्येच कुठेतरी शेतकऱ्याची भाषा गाळली जाते आणि बाहेर येते ती हॉटेलच्या मेन्यूची भाषा.

मला मागच्या लेबलवर पाच ओळी हव्यात. द्राक्ष कुठल्या गावचं. गोडी छाटणी कोणत्या महिन्यात. तोडणी कोणत्या तारखेला. पिंपात किती महिने, किंवा पिंपात नाहीच. आणि अल्कोहोल किती, वाचता येईल अशा अक्षरात. यातल्या छाटणीच्या ओळीला विशेष अर्थ आहे. बाटलीवर एकच साल असतं, पण आपला घड बहुधा दोन सालांत वाढतो, छाटणी ऑक्टोबर २०२० ची आणि तोडणी फेब्रुवारी २०२१ ची. ही गोष्ट रिओहाला सांगता येणार नाही. ती नाशिकची स्वतःची आहे, आणि आपण ती सांगत नाही.

सडवा आणि फर्मेंटेशन

पाचवी ओळ, अल्कोहोलची, वर्ध्याच्या माणसाने सोडून चालणार नाही.

२७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने ठरवलं की एक हजार चौरस फुटांहून मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाइन विकता येईल. दारूबंदीचे जिल्हे यातून वगळले होते. समर्थनात म्हटलं गेलं की वाइन म्हणजे दारू नव्हे, तो शेतकऱ्याचा माल आहे. विरोधात म्हटलं गेलं की महाराष्ट्राचं मद्यराष्ट्र होतंय. अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला. शेवटी तो निर्णय प्रत्यक्षात उतरला नाही. त्या सगळ्या आठवड्यांत टीव्हीवर वाइन या शब्दाबद्दल तासन्‌तास चर्चा झाली आणि वाइनबद्दल जवळजवळ शून्य.

आमच्या आत्याने तेव्हा ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘बाटलीले इंग्रजी नाव देल्लं म्हून थे का दूध होते?’ आत्या बचत गटात आहे. दारूने उठवलेली घरं तिने मोजलेली आहेत. तिच्या प्रश्नाचं उत्तर हिशेबाने देता येतं. ७५० मिलीच्या बाटलीत १३ टक्के म्हणजे ९७.५ मिली शुद्ध अल्कोहोल. १८० मिलीच्या व्हिस्कीच्या क्वार्टरमध्ये ४२.८ टक्क्यांनी ७७ मिली. म्हणजे एकट्याने पूर्ण बाटली संपवली तर ती क्वार्टरपेक्षा जास्त पडते. ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ हे वाक्य इथे टिकत नाही. ते म्हणणाऱ्यांनी शेतकऱ्याला ढाल केलं होतं.

पण दुसऱ्या बाजूचं ‘दारू ती दारू’ हेही सगळं सांगत नाही. आमच्याकडे मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाची फुलं पडतात, वेचली जातात, सुकवली जातात. पाण्यात भिजवून ती आंबवली की पेपरात बातमी येते: ‘मोहाचा सडवा नष्ट’. द्राक्षाचा रस स्टीलच्या टाकीत आंबतो तेव्हा त्याला फर्मेंटेशन म्हणतात आणि पर्यटक तिकीट काढून बघायला जातात. दोन्हीकडे यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल बनवतं. पुढे फरक आहे, आणि तो मोठा आहे: मोहाची दारू गाळतात, त्यामुळे ती वाइनहून बरीच कडक होते आणि तिच्यात नेमकं किती काय आहे हे पिणाऱ्याला कळायला मार्ग नसतो. मी मोहाचं गोडवं गात नाही, आणि वर्ध्यातली बंदी उठवा असंही म्हणत नाही. एवढंच दाखवतोय की एकाच क्रियेला एक शब्द नाल्याकाठी मिळतो आणि दुसरा टेस्टिंग रूममध्ये. गोव्याने काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळवून दिलं, तेव्हा गावठी म्हणून नाक मुरडलेल्या पेयालाही गाव, पद्धत आणि नाव असतं हे निदान कागदावर आलं. विदर्भात तर सर्वांत ओळखीची ‘संत्रा’ म्हणजे देशी दारूचा स्वाद, खाली मळीचं स्पिरिट. ज्या प्रदेशाचं संत्रं जगाला माहीत आहे, त्याच्या बाटलीत संत्र्याचं फक्त नाव.

म्हणून समीक्षा हवी. जाहिरातीला बाटलीतलं अल्कोहोल दिसत नाही, निषेधाला बाटलीतलं गाव दिसत नाही. समीक्षकाला दोन्ही दिसलं पाहिजे. नाशिकच्या शेनिनमधला आंबटपणा जानेवारीच्या थंडीचा आहे हे त्याने सांगावं, आणि त्याच परिच्छेदात तिच्यात किती टक्के आहे तेही सांगावं. ‘रिझर्व्ह’ लिहिलंय तर किती महिने, हे विचारावं. चवीला करवंद म्हणायचं असेल तर करवंद म्हणावं. कुणी त्याला आमच्या आत्यासमोर बसवलं तर एकही वाक्य बदलावं लागू नये, आणि दिंडोरीच्या बागायतदारासमोर बसवलं तरीही नाही.

तोवर एक काम तुम्हीही करू शकता. जिथे कायद्याने चालतं तिथे, कायद्याच्या वयात, पुढची बाटली घ्याल तेव्हा ती उलटी करून मागचं लेबल वाचा. गाव, छाटणी, तोडणी, पिंप, टक्के. पाचपैकी किती ओळी मिळाल्या ते मोजा. माझ्या फोनमधल्या यादीत आजवर पाचही ओळींची एकही बाटली नाही.